अक्का, गॉगल तुझ्या डोळ्यांवरच होता

अक्का, तुझी राख सावडून त्या सकाळी मी तशीच गिरणीत गेले, तर फळ्यावर कागद लागलेला. वर तुझं नाव, नावाच्या आधी 'कै.' आणि खाली चार ओळी. कामगार हिराबाई यांनी सुरक्षा गॉगल न वापरता काम केल्यामुळे मिरचीची पूड डोळ्यांत गेली, तोल गेला व अपघात घडला. सर्व महिलांनी यातून बोध घ्यावा.

मी तो कागद तीनदा वाचला. पहिल्यांदा वाटलं, दुसऱ्याच कुणाबद्दल असेल. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर मी तो फाडला, चार तुकडे केले आणि मॅनेजरच्या टेबलावर नेऊन ठेवले. तो म्हणाला, "रेखाबाई, तुमचं दुःख समजतं मला." मी म्हणाले, "तुम्हाला अजून काहीच समजलेलं नाही."

त्या माणसाचं नाव मी इथे लिहिणार नाही. नाव लिहिलं की तो कुणाचा तरी मुलगा, कुणाचा तरी बाप वाटायला लागतो. मला तो तसा वाटायला नको आहे.

दोंडाईच्याच्या त्या मिरचीच्या गिरणीत तू सोळा वर्षं काढलीस, त्यातली अकरा माझ्याबरोबर. गॉगल लावला नाही असं जगात कुणाबद्दलही लिहावं, पण तुझ्याबद्दल? दळणाच्या खोलीत प्रत्येक बाईला गॉगल लावायला तूच शिकवलंस. माझा पहिला दिवस तुला आठवत असेल. थंडीचे दिवस होते, अंगणात हातपाय गारठलेले आणि आत यंत्राच्या गरमीने भट्टी झालेली. आत पाऊल टाकलं आणि मिनिटाभरात काचा पांढऱ्या झाल्या. समोरचं पोतंही दिसेना. मी गॉगल कपाळावर चढवला, आणि मग जे व्हायचं ते झालं. मी ओरडले कशी, हे तू पुढे नक्कल करून सगळ्यांना दाखवायचीस. त्या दिवशी मात्र हसली नव्हतीस. माझी मान धरून नळाखाली नेलंस, पाव तास पाणी मारत राहिलीस, डोळे चोळायला गेलेले माझे मिरचीचे हात धरलेस आणि म्हणालीस, "डोया चोयू नको वं, हात बी मिरचीना शेत."

दुसऱ्या दिवशी तू पदराच्या गाठीतून अंगाच्या साबणाचा तुकडा काढलास. कोरडा. काचेच्या आतल्या बाजूने हलक्या हाताने फिरवलास आणि धोतराच्या जुन्या फडक्याने इतका पुसलास की साबण लावला होता हे कुणाला कळू नये. "कोरडा लावना, वल्ला नही," तू म्हणालीस. "आते देख. बठ्ठं दिखस का नही?"

दिसत होतं, अक्का. अगदी समोरच्या भिंतीवरच्या खिळ्यापर्यंत सगळं स्वच्छ दिसत होतं.

बाकीचं तू हळूहळू शिकवलंस. थंडीत गॉगल आत नेण्याआधी दहा मिनिटं उन्हात कठड्यावर ठेवायचा, म्हणजे गार काचेवर वाफ धरत नाही. मास्कची वरची कड नाकावर घट्ट बसवून तिच्याखाली सुती पट्टी घालायची, म्हणजे श्वास वर न जाता खाली जातो. कपाळाला फडकं बांधायचं, घाम आत उतरत नाही. एवढं करूनही पावसाळ्यात काचा धुरकटायच्याच, तेव्हा तू चुलीवर दाभण तापवून तुझ्या गॉगलला वर दोन आणि खाली दोन अशी भोकं पाडलीस आणि पूड आत जाऊ नये म्हणून आतून मलमलीचा तुकडा शिवलास. तो गॉगल पाहून सुमन म्हणाली होती, "अक्का, तू इंजिनिअर व्हायला पाहिजे होतीस." तू लाजलीस. पण त्या आठवड्यात आम्हा पाचही जणींच्या गॉगलला तू भोकं पाडून दिलीस.

आता जे लिहायचं आहे ते तुझ्यासमोर कधी नीट बोलता आलं नाही. भांडताना बोलले, पण ते बोलणं नव्हे.

मला तुझा राग यायचा, अक्का. तुझ्या त्या साबणाचा आणि दाभणाचा राग यायचा. काचांना वाफ धरते म्हणून आम्ही तक्रार करायला जायचो, तर मॅनेजरसाहेब तुझ्याकडे बोट दाखवायचा, "हिराबाईंना नाही धरत ती?" झालं. शेठचं काम फुकटात व्हायचं. बाजारात हवा खेळणारे चांगले गॉगल मिळतात, तसे आणून द्या, असं मी कितीदा म्हटलं. प्रत्येक वेळी तू मध्ये पडायचीस. "राहू दे वं, आपण भागाडी लेऊ." मी तुला एकदा सगळ्यांदेखत म्हणाले, "तू भागवतेस ना, म्हणूनच ते आणत नाहीत. तुझ्या युक्त्यांनी त्यांचंच फावतं."

तुझा चेहरा पडला. तू म्हणालीस, "आपला डोया आपलेच संभाळना पडतस वं. शेठ काय संभाळाले येस का?"

"यायला लावू ना मग!" मी म्हणाले.

तू पोतं उचलायला वळलीस. तुझा नवरा गेल्यावर तू एकटीने सविताला वाढवलंस, तिचं लग्न पारोळ्याला लावून दिलंस, कुणापुढे हात न पसरता. कुणाकडे मागायचं म्हणजे तुला कमीपणा वाटायचा. आणि मला वाटायचं, हक्काचं मागायला कसला कमीपणा? हे भांडण अर्धंच राहिलं. त्यात मीच बरोबर होते, हे तू जाऊन सिद्ध केलंस. असं जिंकायचं नव्हतं मला.

मग दिवाळीनंतर बाहेरगावच्या मोठ्या खरेदीदाराची माणसं गिरणी पाहायला आली. पांढऱ्या टोप्या घालून फिरली, कागदांवर खुणा केल्या आणि गेली. दुसऱ्याच दिवशी मॅनेजरने आपल्याला ओळीत उभं केलं. खाण्याच्या मालाजवळ साबण चालणार नाही. फडकी चालणार नाहीत. भोकं पाडलेलं साहित्य चालणार नाही. तुझ्या पदराची गाठ त्याने स्वतः सोडायला लावली, आठवतं? साबणाचा तुकडा कागदात गुंडाळून घेतला. तुझा भोकांचा गॉगल हातात उलटासुलटा करत म्हणाला, "हे काय केलंय बाई? हा सुरक्षा साहित्याशी खेळ आहे." आणि सहाही गॉगल त्याने आपल्या टेबलाच्या खणात टाकले.

नवे दिले ते सगळीकडून रबराने बंद. डोळ्यांवर असे बसायचे की हवा म्हणून आत जाणार नाही. पहिल्याच दिवशी पाच मिनिटांत काचेच्या आत थेंब धरले आणि खाली ओघळायला लागले. आपण सगळ्या मिळून त्याच्याकडे गेलो. तू सुद्धा आलीस, अकरा वर्षांत पहिल्यांदा. तू हात जोडून म्हणालीस, "साहेब, याच्यातून दिसत नाही. माझा जुना द्या. पूड जात नाही त्याच्यात, मी पट्टी शिवली आहे."

"सवय होईल," तो म्हणाला. "आणि काम चालू असताना कोणी गॉगल काढलेला दिसला तर दुसऱ्या दिवसापासून येऊ नका."

पुसायला काढायचा तरी बाहेर जावं लागे, हात धुवावे लागत, आणि बाहेर गेलेलीचं नाव तो वहीत लिहून ठेवायचा. तू बाहेर आलीस तेव्हा मी तुला काय म्हणाले? "घे आता. संभाळ तुझे डोळे." असं म्हणाले, अक्का. आणि त्यानंतर आठ दिवस मी तुझ्याशी बोलले नाही. डबा वेगळा खाल्ला. तू भाकरीवर ठेचा घालून माझ्या डब्याच्या झाकणात ठेवायचीस, मी तो तसाच परत ठेवायची.

त्या दिवशी सकाळी पोतं घेऊन यंत्राच्या वरच्या तोंडापाशी जायची पाळी तुझी होती. लोखंडी जिना, आठ पायऱ्या, एका बाजूला कठडा आणि दुसरी बाजू मोकळी. मी खाली पोती सोडत होते. तू पाच-सहा पायऱ्या चढून थांबलीस. यंत्राच्या आवाजातही मला तुझं बोलणं ऐकू आलं. "रेखा, माले काहीच दिखस नही वं."

आठ दिवसांनी तू माझ्याशी बोलली होतीस. आणि मी म्हणाले, "मग साहेबांना सांग."

तू वर पाहिलंस. पाय पुढे टाकलास, पायरी चाचपलीस, एक पायरी मिळाली. पुढची मिळाली नाही.

तू पडलीस त्याचा आवाज मी लिहिणार नाही.

धावत आलेल्यांनी तुला उचलून गाडीत घातलं. मी तुझं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. दोंडाईच्याच्या दवाखान्यातून धुळ्याला न्यायला सांगितलं. सविता पारोळ्याहून निघाली होती, रस्त्यातून फोन करत होती, "मावशी, आईचा फोटो पाठवा, मला आईला बघायचंय." मी नको म्हणत होते, पण ती ऐकेना, म्हणून धुळ्याच्या दवाखान्यात तुला खाटेवर घेतल्यावर मी फोटो काढला. तेव्हा तिथल्या सिस्टर ओला कापूस घेऊन आल्या आणि हात लावायच्या आधी थबकल्या. म्हणाल्या, "यांचे डोळे वाचले बघा."

तुझं सगळं तोंड लाल होतं, अक्का. कपाळ, गाल, कानांच्या पाळ्या, सगळीकडे मिरचीची पूड घामात भिजून बसलेली. फक्त डोळ्यांभोवती गॉगलच्या आकाराची जागा स्वच्छ होती. कडेला रबराचा वळ उमटलेला. आत एक कण नाही. डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं ते मी नंतर वाचून घेतलं, दोन्ही डोळे स्वच्छ, लाली नाही.

संध्याकाळी तुला थोडी शुद्ध आली. सविता तुझा हात धरून बसली होती. तू तिच्याकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. मला वाटलं आता मला काही बोलशील, शिवी दे, माफ कर, काहीही. तू म्हणालीस, "साहेबले सांग, गॉगल काढा नही मी."

मरणाच्या दारात तुला भीती होती ती गॉगल काढला असं समजून उद्यापासून येऊ नका म्हणतील याची. चौथ्या दिवशी तू गेलीस.

आता कळलं ना, तो कागद मी का फाडला?

मॅनेजरने काय केलं होतं, ते मला सुमनने सांगितलं. तू पडलीस तेव्हा गॉगलचा पट्टा तुटून तो यंत्राखाली गेला होता. आम्ही धुळ्याला निघालो आणि याने तो काढला, धुतला, पट्टा गाठ मारून जोडला आणि तुझ्या नावाच्या खिळ्याला टांगला. मग चौघींना बोलावून लिहून घेतलं की गॉगल खिळ्यालाच होता. सुमननेही सही केली. सांगताना ती रडत होती. तिच्या घरी तिच्या एकटीच्या कामावर चूल आहे, हे मला माहीत आहे. मी तिला काही बोलले नाही. पण तिला जवळही घेतलं नाही. तू घेतलं असतंस.

गावात बोलणं सुरू झालं. "हुशार म्हणवायची, आणि गॉगल न लावता चढली." पारोळ्याला सविताच्या सासूने तिला विचारलं, "तुझी आई एवढी निष्काळजी होती का?" सविताने मला फोन केला आणि नुसती श्वास घेत राहिली. त्या दिवशी मी ठरवलं. तू गेलीस, परत येणार नव्हतीस. पण तुझं नाव ज्याने खिळ्याला टांगलं, त्याला मी सोडणार नव्हते. रोज सकाळी उठल्यावर पहिला विचार त्याचा यायचा. तुझा नंतर. हे तुला आवडणार नाही, पण खरं तेच आहे.

मी अर्ज लिहिला. बारावीपर्यंत शिकले त्याचा त्या दिवशी उपयोग झाला. एसटीने धुळ्याला गेले, कारखाने तपासणाऱ्या कचेरीत दोनदा परत पाठवलं, तिसऱ्यांदा एक अधिकारी बाई भेटल्या. त्यांनी अर्ज वाचला, फोटो पाहिला, मोठा करून पाहिला. चष्मा काढून, पुसून, पुन्हा पाहिला. मग म्हणाल्या, "गिरणी चालू असताना येते मी."

त्या आल्या त्या दिवशी शेठ स्वतः दारात उभा होता. मॅनेजरने इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्याने सगळं दाखवलं, वही, चौघींच्या सह्या, खिळ्यावरचा गॉगल. बोलताना तो तुला 'आमच्या हिराबाई' म्हणत होता. "आमच्या हिराबाईंना कितीदा सांगितलं हो, पण वय झालेलं, ऐकायच्या नाहीत."

अधिकारी बाईंनी मला विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे?"

मी म्हणाले, "म्हणणं काही नाही मॅडम. तो गॉगल साहेबांनी लावावा आणि रिकाम्या हाताने त्या आठ पायऱ्या चढून दाखवाव्यात. पोतं नको. नुसतं चढायचं."

तो हसला. "याची काय गरज आहे?"

"चढा," बाई म्हणाल्या. "मलाही पाहायचंय."

शेठ बाजूला सरकला. यंत्र चालू होतं. त्याने मास्क बांधला, गॉगल लावला. आधी दहा मिनिटं त्याला आत उभं राहायला सांगा, असं मी म्हणाले, कारण तू त्या दिवशी सकाळपासून आत होतीस. तो उभा राहिला. मी त्याच्या काचांकडेच पाहत होते. चार मिनिटांत कडा पांढऱ्या झाल्या. सहाव्या मिनिटाला त्याचे डोळे दिसेनासे झाले. त्याने गॉगलला हात लावला.

"काढायचा नाही साहेब," मी म्हणाले. "तुमचाच नियम आहे."

तो जिन्याकडे निघाला तो पहिल्याच पायरीला ठेचकाळला. कठडा धरून चढायला लागला. तिसरी, चौथी. पाचव्या पायरीवर त्याचा पाय हवेत फिरला आणि त्याने दोन्ही हातांनी कठडा आवळला. उभा राहिला तो तिथेच. वर जाईना, खाली येईना. मास्कमधून त्याचा श्वास ऐकू येत होता. मग तो म्हणाला, "कोणीतरी हात द्या."

मी सगळ्यांत जवळ होते, अक्का. हात लांबवला असता तर पोचला असता.

मी दिला नाही. मी उभी राहिले आणि पाहत राहिले. त्याने पडावं असं मला वाटत होतं. एकदा तरी पाय सुटावा, तेवढा एक क्षण त्याच्या पायाखाली काही नसावं. माझ्या आयुष्यात मी कुणाचं इतकं वाईट चिंतलं नव्हतं. शेवटी सुमन पुढे झाली, तिने त्याच्या कोपराला धरून एकेक पायरी सांगत त्याला खाली आणलं. सुमन, जिने सही केली होती. खाली आल्यावर ती अधिकारी बाईंकडे वळली आणि म्हणाली, "मॅडम, मी खोटी सही केली. अक्काने गॉगल लावला होता." मग बाकीच्या तिघीही बोलल्या.

मॅनेजरने गॉगल काढला तेव्हा आतून पाणी गळत होतं. बाईंनी तो हातात घेतला, उलटा धरला, थेंब जमिनीवर पडले ते पाहिले.

मी म्हणाले, "अक्काचा जुना गॉगल यांच्या खणात आहे. बघा त्याला भोकं कशी पाडलीत. पट्टी कशी शिवली आहे." खण उघडायला लावला. निघाला. बाईंनी तोही बराच वेळ पाहिला आणि कागदावर काहीतरी लिहून घेतलं.

मग मी त्याच्यासमोर गेले. तुझा निरोप होता ना माझ्याकडे. मी सगळ्यांसमोर, शेठसमोर, मोठ्याने सांगितला. "जाताना अक्काने तुम्हाला निरोप दिला होता. साहेबले सांग, गॉगल काढा नही मी." तुझ्याच भाषेत सांगितला, शब्दाला शब्द. त्याने मान खाली घातली. मी म्हणाले, "वर बघा. ती माणसाच्या डोळ्यांत बघून बोलायची."

नंतरचं तुला थोडक्यात सांगते. अहवालात खरं लिहिलं गेलं. त्याची नक्कल शेठला फळ्यावर लावावी लागली, तुझं नाव वर, आणि तुझा काहीही दोष नाही हे खाली स्पष्ट. त्या फळ्याचा फोटो मी सविताला पाठवला, तिने तो सासूच्या हातात दिला. जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा लागला. हवा खेळणारे गॉगल आले. ते लावून मी पहिल्यांदा आत गेले तेव्हा सगळं स्वच्छ दिसत होतं, आणि ज्या ठिकाणी तू पडलीस ती फरशीही स्वच्छ दिसत होती. मी बाहेर येऊन ओकले. मॅनेजरला काढलं, त्याच्यावर पुढे खटलाही होणार आहे. मी मात्र गिरणी सोडली नाही. मला पाहिलं की शेठ दुसरीकडे बघतो. त्याने रोज दुसरीकडे बघावं म्हणून मी रोज जाते.

आणि माझं काय? हेही लिहिते, नाहीतर हा सगळा राग त्याच्यावर ढकलून मी मोकळी होईन. तू जिन्यावरून मला हाक मारलीस आणि मी तुला टोमणा मारला. एक शब्द वेगळा बोलले असते, 'उतर' एवढंच, तर तू उतरली असतीस. तू माझं ऐकायचीस. याची चौकशी कुणी करणार नाही आणि यासाठी मला चढायला लावावं असा कुठला जिनाही नाही. मी तुझी माफी मागत नाही. तू लगेच देऊन टाकशील, आणि ती मला परवडणार नाही.

गेल्या रविवारी तुझा सव्वा महिना होता. मी पारोळ्याला सविताकडे गेले होते. जेवणं आटोपली होती, पाहुणे पांगले होते, आम्ही दोघी ओसरीवर बसलो होतो. तेवढ्यात एक मोटारसायकल येऊन थांबली. तो होता. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. हात जोडूनच आत आला.

सविता उठून उभी राहिली. मी तिला म्हणाले, "पाणी दे त्यांना." तो खाली सतरंजीवर बसला. पाणी प्यायला. मग म्हणाला, त्याचा मुलगा दहावीला आहे, बायको आजारी असते, कुठे काम मिळत नाही, ज्याला त्याला गोष्ट कळली आहे. खटला उभा राहिला तर सगळं संपेल. आपण एवढंच लिहून द्यावं की आईला त्या दिवशी चक्कर आली असावी. एवढी एक ओळ. बोलता बोलता तो रडायला लागला. खरंच रडत होता, अक्का, सोंग नव्हतं.

सविताने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. ती तुझी मुलगी आहे, तिचा जीव पाघळतो.

"लिहून देणार नाही," मी म्हणाले.

"बाई, मी मुद्दाम नाही हो केलं. देवाशपथ."

"ती पडली, ते मुद्दाम नव्हतं," मी म्हणाले. "खिळ्याला टांगलंत, ते मुद्दाम होतं."

त्याने बाहीने डोळे पुसले. मग पेला खाली ठेवून उठला, सविताला नमस्कार केला, मला केला नाही. मोटारसायकल दोन-तीन किकमध्ये सुरू झाली नाही, ती सुरू होईतोवर आम्ही दोघी उंबऱ्यात उभ्या होतो. गेला.

सविताने सतरंजी झटकली, घडी घातली. मग म्हणाली, "मावशी, मला वाटलं होतं त्याला असं बघून बरं वाटेल. नाही वाटलं."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती अजून लहान आहे, आणि आईवेगळी आहे. तिला मी काही सांगितलं नाही.

तुला सांगते. मला वाटलं, अक्का. बरं वाटलं.